येणे बाकी

नवरा सीमेवर गेला आणि परत आला नाही, तर त्याच्या बायकोला वीरपत्नी म्हणतात. तिला व्यासपीठावर खुर्ची मिळते, शाल-श्रीफळ मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पण नवरा पुरी नोकरी करून दोन हात, दोन पाय, एक ट्रान्झिस्टर आणि न संपणाऱ्या आठवणी घेऊन धडधाकट घरी आला, तर त्या बाईला काय म्हणायचं याची आपल्याकडे काही सोय नाही. लष्कर नवरा परत करतं, पेन्शन लावून देतं आणि सुटतं. पुढचा ताबा तिच्याकडे.

आमच्या काकीकडे हा ताबा १९९२ साली आला. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि काकीच्या म्हणण्याप्रमाणे तिची खरी नोकरी त्या दिवशी लागली. ती नोकरी काका गेले तेव्हा सुटली. आता काकीही गेली. दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंड मांडले आणि कावळ्याची वाट बघता बघता भाषणं सुरू झाली. हल्ली आमच्याकडे दहाव्याला भाषणं असतात. कावळा उशिरा शिवतो त्याचं तेही एक कारण असावं.

पहिल्या वक्त्याने काकीला एका दमात वीरपत्नी आणि वीरमाता करून टाकलं. वीरमाता कशी, ते कुणालाच कळेना. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, धाटावच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत शिफ्ट करतो. अर्थात ज्यांनी तिथे रात्रपाळी केली आहे, त्यांना हा उल्लेख अगदीच अस्थानी वाटला नसेल.

दुसऱ्या वक्त्याने यशवंत घाडग्यांना आणलं. आमच्या रायगड जिल्ह्यात फौजेबद्दल बोलायला उभं राहिलं की दोन नावं टाळता येत नाहीत. एक महाड तालुक्यातलं फौजी आंबावडे, आणि दुसरं माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ला इटलीत सगळे साथी पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, टॉमीगनच्या गोळ्या संपल्यावर तिचाच दांडका करून लढले आणि तिथेच पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. वक्त्याने हे सगळं आवेशात सांगितलं, टाळ्या वाजवायच्या की नाही अशा संभ्रमात सगळ्यांना सोडलं आणि काकीशी त्याचा संबंध न लावताच तो खाली बसला.

संबंध होता, पण तो वक्त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. काकांनी एकदा आम्हा सगळ्यांना माणगावला घाडग्यांचं स्मारक दाखवायला नेलं होतं. टेकडी इथे, मशीनगन तिथे, असं रस्त्यातच हातवारे करून त्यांनी सगळी लढाई उभी केली. काकीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बाविसाव्या वर्षी गेला, म्हणजे बायको केवढी असेल हो त्याची?" काकांना इटलीतली टेकडी पाठ होती, मशीनगनची जागा पाठ होती. हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. परतीच्या एसटीत ते पार कोलाडपर्यंत गप्प होते, आणि काका गप्प असणं ही आमच्या घरात नोंद ठेवण्याजोगी घटना होती.

काकीचं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. लग्न १९६६ साली झालं. हळद उतरायच्या आत काका पलटणीत परतले आणि मागे राहिला एक पत्ता: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि शेवटी 'द्वारा ५६ एपीओ'. माणूस लडाखात असो की राजस्थानात, पत्ता तोच. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून लष्कराने ही व्यवस्था केलेली. शत्रूला कळत होतं की नाही देव जाणे, आमच्या आळीला मात्र कधीच कळलं नाही. विहिरीवर बाया विचारायच्या, "मालक कुठं असतात गं तुझे?" काकी सांगायची, "छप्पन्नला." हळूहळू आळीत असं ठरून गेलं की छप्पन्न हे पुण्याच्या पुढे कुठेतरी एक गाव आहे. शेजारच्या आजीने तर छप्पन्नला भात पिकतो का, अशी चौकशी केली. काकी म्हणाली, "पिकतो, पण आपल्या भाताची चव नाही." विषय मिटला.

उलट बाजूनेही गंमत होती. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१पासूनचं. त्यामुळे काकांचं एखादं पत्र आधी मुंबईच्या कुलाब्याला मुक्काम करून मग रोह्याला यायचं. क्रमाचं काही खरं नसायचं. आधी 'ताप उतरला, काळजी नसावी' असं पत्र येई, आणि आठवड्याने 'ताप आला आहे' असं. काकी सांगायची, "मी आधी काळजी सोडायची आणि मग करायची."

१९७१च्या डिसेंबरात काका पहिल्या मराठा पलटणीबरोबर पूर्व पाकिस्तानात होते. या पलटणीला जंगी पलटण म्हणतात. जमालपूरला वेढा पडला होता. आपल्या ब्रिगेडियर क्लेरांनी शरण या असं पत्र आत पाठवलं. आतल्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदने जबाब धाडला आणि त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून दिली. मग लढाई झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. इतिहासातली ही खरी गोष्ट, आणि काकांनी ती पुढे आयुष्यभर सांगितली. गोळीपाशी आले की ते थांबायचे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत रोखून बघायचे. नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातून काकीचा आवाज यायचा:

"त्या सुलतानानं निदान उलट टपाली उत्तर तरी धाडलं. आमच्याकडे दिवाळीपासून साधं कार्ड नव्हतं."

काका गोष्ट पुढे रेटायचे, पण जमालपूर पडण्यातली रंगत गेलेली असायची.

ही थट्टा तिला पुढे सुचली. त्या महिन्यात पोस्टमन आळीत वळला की ती मागच्या दारी जाऊन उभी राहायची, असं माझ्या आईने मला सांगितलं आहे. पत्र असलं तर पोस्टमन हाक मारील. तार असली तर कुणीतरी न बोलता मागच्या दारी येईल, आणि त्याचं तोंड बघायला लागण्याआधी जेवढा वेळ मिळेल तेवढा तिला हवा होता.

पीस स्टेशनला फॅमिली क्वार्टर मिळालं की काकी ट्रंका बांधायची. बेळगाव झालं, पठाणकोट झालं. तिथे जवानांच्या बायकांचं वेल्फेअर असायचं. १९६६ साली लष्करी पत्नींची मोठी संघटना निघाली, आवा म्हणतात ती. त्या वळणाच्या बैठकांत साहेबांच्या मेमसाहेब जवानांच्या बायकांना उपयुक्त गोष्टी शिकवायच्या. काकी तिथे स्वेटर विणायला शिकली. पठाणकोटच्या थंडीत ते ठीकच होतं, पण हातात कला आली की ती गप्प बसत नाही. आम्हा सगळ्या पुतण्या-भाच्यांना वर्षाआड स्वेटर यायचा. रोह्यात मे महिन्यात, अंगातून धारा लागलेल्या असताना, तिला बरं वाटावं म्हणून आम्ही तो घालून फोटो काढले आहेत. त्या बदल्यात तिने मेमसाहेबांना कडव्या वालाचं बिरडं शिकवलं. वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि मग एकेक दाणा सोलायचा, हे कळल्यावर पुढच्या बैठकीला म्हणे हजेरी निम्मी होती.

पेणला काकीच्या माहेरी गणपतीचा कारखाना होता. लहानपणापासून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी ती करायची, आणि पेणमध्ये आखणी करणाराचा हात पारखला जातो. मराठा पलटण म्हणजे गणपती बसणारच. पठाणकोटच्या पहिल्या वर्षी कुठून तरी आणलेली मूर्ती बघून काकीने तोंड फिरवलं. "बाप्पा गार्ड ड्यूटी उतरून आल्यासारखा दिसतोय," म्हणाली. पुढच्या रजेवरून परतताना तिने पेणहून शाडूची मूर्ती न्यायचं ठरवलं. काळ्या लोखंडी ट्रंकेत तळाला पेणचे पोहे, मध्ये बाप्पा, चारी बाजूंना पेणच्या पापडांच्या चळती, आणि वरून पुन्हा पोहे. पेणची सगळी कीर्ती एका ट्रंकेत. गाडीत टीसीने बुटाने ट्रंक ठोकली आणि विचारलं, "इसमें क्या है?" काका खोटं बोलत नसत. "भगवान," म्हणाले. "और?" "पोहा." टीसी काही न बोलता पुढच्या डब्यात गेला.

बाप्पा अखंड पोचले, बसले, आणि पॅकिंग लंगरात गेलं. उंदीर तेवढा सापडेना. तो सुटा होता, काकीने फडक्यात गुंडाळून पोह्यांत खुपसला होता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी लंगरच्या कुकने आरोळी ठोकली, "पोहे में चूहा!" पळापळ झाली. मग कुणीतरी वाकून बघितलं, आणि कुकच्या डोळ्यांदेखत सगळी मराठा पलटण पोह्यांच्या पातेल्यासमोर हात जोडून उभी राहिली. त्या कुकने पुढे बदली मागून घेतली असं काका सांगायचे. बदलीचं मी खात्रीने सांगू शकत नाही, पण उंदराची साक्ष काकी देत असे.

मुलं मोठी झाली तशी शाळेसाठी काकी रोह्याला परतली. काका पुन्हा छप्पन्नला. १९८९च्या जुलैत अंबा नदी नागोठण्यात शिरली. सुधागडात जांभूळपाड्याला तर गावच वाहून गेल्यागत झालं. काकीने कुणाला विचारलं नाही. ओटीवर तीन दगडांच्या चुली मांडल्या, आळीतल्या बायांना फॉलिन केलं, कुणी भाकऱ्या थापायच्या, कुणी पिठलं हाटायचं, कुणी पाणी, अशा फटिगा वाटून दिल्या आणि तयार झालेलं जेवण जाईल त्या गाडीवर चढवलं. ज्या घरातून पीठ येईना, त्या घरासमोर ती स्वतः डबा घेऊन उभी राहिली. तिला प्रेमळ म्हणतात ते खरं आहे, पण तिच्या प्रेमातून सूट मिळत नसे.

आता निवृत्तीकडे येतो. युद्धाची तारीख असते, कधी ना कधी युद्धविराम होतो. निवृत्त सुभेदार घरात आला की दोन्ही नसतं. काका पहाटे पाचला उठायचे आणि घर उठवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराची तपासणी केली, डब्यांना शिस्त नाही असा शेरा मारला, आणि काकी माहेरी गेलेली बघून सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. काकीचा हात सवयीने जात असे. मिठाच्या जागी साखर उभी होती. कित्येक दिवस आमटी गोड आणि चहा खारट. काकी चिडली नाही. तिने फक्त काकांची पोस्टिंग बदलली. गच्चीवर वाल वाळत घातले होते, त्यांची राखण काकांकडे दिली. काकांनी स्वतःचा ड्यूटी रोस्टर लिहिला, खुर्ची-ट्रान्झिस्टर वर नेला, आणि पुढची कित्येक वर्षं उन्हाळाभर आमच्या गच्चीवर कावळा फिरकला नाही. दहाव्याला तो उशिरा का आला याचं हे दुसरं कारण असू शकेल.

काका गेल्यावर काकीच त्यांची उणीव भरून काढायला लागली. दसऱ्यानंतर आमच्या धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस देवाला सशस्त्र मानवंदना देतात. ही प्रथा ब्रिटिशांच्या काळापासूनची. सगळं रोहं हात जोडून देवाकडे बघत असतं. काकी पोलिसांकडे बघायची. "डावीकडून दुसरा. बंदूक उशिरा उचलली," असं ती हळू आवाजात सांगायची, आणि मग देवाला नमस्कार करायची. पेणला माहेरी जाताना मुंबई-गोवा रस्त्यावर गाडी वडखळच्या अलीकडे खड्ड्यांतून झोकांड्या खायला लागली की तिचं एकच मागणं असे: हा रस्ता बॉर्डर रोडवाल्यांकडे द्या. "बर्फात डोंगर फोडून रस्ता करतात ती माणसं. इथं तर डोंगरही नाही."

नोव्हेंबर आला की काकीला आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागे. फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर सही केली की भागायचं. २०१४ला जीवन प्रमाण आलं, आणि अंगठा आला. काकीचा अंगठा मशीन घेईना. मग तर्जनी, मधलं बोट, असं करत दोन्ही हात झाले. आयुष्यभर पापड लाटले, शाडू मळली, राखेने भांडी घासली. बोटांवर रेघा राहिल्याच नव्हत्या. काउंटरवरचा मुलगा भला होता. म्हणाला, "आजी, तुम्ही जुळत नाही."

"बाळा, मी तुझ्यासमोर बसल्येय ना?"

"हो आजी. पण सिस्टीममध्ये नाही."

पुढे मोबाइलवर चेहऱ्यावरून दाखला निघायला लागला. फोन समोर धरला की तो डोळे मिटा, उघडा अशी आज्ञा करतो. जिने जन्मभर गणपतींचे डोळे उघडले तिला हे सांगितलेलं रुचलं नाही. तिने फोनला आधी नीट धर म्हणून सुनावलं, म्हणजे दादाला, आणि मग एकदाच, ठसक्यात, डोळे मिटून उघडले.

वयाचाही घोळ होताच. लग्नानंतर पलटणीच्या कारकुनाने तिची जन्मतारीख १ जून १९४७ लिहिली. १ जून का, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. खरं म्हणजे ती दोन वर्षांनी मोठी. ऐंशी पूर्ण झाली की फॅमिली पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते. घरात तिची ऐंशी साजरी झाली, केक कापला गेला, पण सरकारची ऐंशी अजून लांब होती. "सरकारला घाई नाही, मला आहे," म्हणायची. शेवटी सरकारच जिंकलं. भेटायला येणारे विचारायचे, "कितीच्या होत्या?" तर दादा आपला सरकारी आकडा सांगायचा आणि त्याची बहीण, म्हणजे आमची ताई, घरचा.

भेटायला माणसं खूप आली. प्रत्येकाला तिची आठवण होती आणि तपासून बघितलं तर बहुतेक आठवणींत लष्कराचं कॅन्टीन होतं. काका-काकी मुंबईला कॅन्टीनला जायचे तेव्हा सगळ्या गोताची यादी घेऊन जायचे. कुणाला पंखा, कुणाला रजई, कुणाला इस्त्री. बाटलीची मागणी पुरुषमंडळी काकांच्या कानात करत आणि ती काकीला आधीच ठाऊक असे. आता डोळे पुसता पुसता एका पाहुण्याने दादाला बाजूला घेऊन विचारलंच, "मग ते कार्ड आता कुणाच्या नावावर होतं का रे?"

तेराव्याची जेवणं झाल्यावर ताईने ती काळी ट्रंक उघडली. वर स्वेटरची लोकर, खाली इनलँड पत्रं, आणि तळाशी एक जाड वही. काकीचं अक्षर सुवाच्य. ताई शाळेत शिकवते, तिला मनात वाचता येत नाही. "१९९४. पंखा एक. येणे," आणि पुढे पेणच्या एका मामांचं नाव. मामा समोरच बसले होते. ओटीवर हसू पिकलं. "१९९५. मिक्सर." आता हसणारे कमी झाले. "१९९६. रजया दोन, थर्मास एक." कुणाला तरी दिव्याची गाडी आठवली. कुणी चपला शोधू लागलं. मधे मधे ओळीवर काट होती आणि बाजूला कारण लिहिलं होतं. पैसे आले असं क्वचितच. 'पोरीचं लग्न आहे.' 'कंपनी बंद पडली. विचारायचं नाही.' असली कारणं जास्त. तिथे ताईचा आवाज जरा खाली आला, आणि नेमक्या त्या ओळींतली नावं तिने वाचली नाहीत. काट नसलेली मात्र खणखणीत वाचली. पाहता पाहता ओटी रिकामी झाली. तेराव्याचा कार्यक्रम इतक्या वेळेत आटोपल्याचं आमच्याकडे दुसरं उदाहरण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या नात्यातले एक भावोजी दारात. काखेत जुन्या साडीत गुंडाळलेला पाच लिटरचा कुकर. ताईने हातात घेऊन झाकण फिरवून बघितलं, रबर बघितलं.

"तेवढी शिट्टी हरवल्ये," भावोजी म्हणाले.

ताईने वही आणली, तारीख घातली आणि लिहिलं: 'कुकर जमा. शिट्टी येणे बाकी.'